शंभरच दाणे का?

2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी अकोला-अमरावतीसह राज्यभर गाजल्या. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा, असं कृषी विभाग सांगतो. दहा दाण्यांवर का भागत नाही? उगवणीचा किमान निकष 70 टक्के. द्विपद वितरणानुसार असं चांगलं बियाणंही दहांत पाच किंवा कमी उगवण्याची शक्यता 15 टक्के; शंभरांत पन्नास किंवा कमी उगवणं जवळपास अशक्यच. तरीही 61 ते 79 एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडतो, तेव्हा 66 दिसले म्हणून घाबरू नये.

यात प्रत्येक दाणा स्वतंत्र धरलाय, हा आक्षेप रास्त आहे. पोत्याचा ओलसर कोपरा तिथले सगळेच दाणे बिघडवतो. म्हणून नमुना वरून, मधून, तळातून घ्यावा. पावसाचा खंड मात्र अख्ख्या शेताला एकदम गाठतो, तिथे हे सूत्र चालत नाही.