यंत्र हरते कसे?

१९८४ साली आलेल्या नोव्हॅग कंपनीच्या सुपर कॉन्स्टेलेशन या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रात ६५०२ हा ८ बिटांचा प्रोसेसर होता. वेग ४ मेगाहर्ट्झ, थेट हाताळता येणारी मेमरी सगळी मिळून ६४ केबी, आणि गुणाकाराची आज्ञा नाहीच. मधल्या डावात एका स्थितीतून साधारण ३५ खेळ्या शक्य असतात. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्या पाहायच्या म्हटल्या तरी आकडा पंधरा लाखांवर जातो. अल्फा-बीटा छाटणीने त्यातला मोठा भाग वगळता येतो, तरीही उरलेले ओझे या चिपला जडच होते.

मग प्रोग्रॅमर डेव्ह किटिंजर यांनी यंत्राला धाडस शिकवले. राजावर हल्ल्याची शक्यता दिसली की हिशेब पुरता लागलेला नसतानाही ते मोहरा बळी देई. तो बळी पुष्कळदा चुकीचा असे. पण समोरच्या माणसाला पटावर तो चुकीचा ठरवून दाखवावा लागे, आणि ते सोपे नव्हते. या यंत्राला स्वभाव होता, असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

म्युनिकच्या हेगनर अँड ग्लेझर कंपनीची वाट निराळी. त्यांच्या मेफिस्टो यंत्रांसाठी रिचर्ड लँग यांनी ६८००० मालिकेच्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम लिहिले. ॲमस्टरडॅम, डॅलस, रोमा, अल्मेरिया ही त्या यंत्रांची नावे म्हणजे मायक्रोकॉम्प्युटरांची जागतिक स्पर्धा त्यांनी जिथे जिंकली ती शहरे. लँग यांचाच चेसजीनियस हा प्रोग्रॅम १९९४ मध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत पेंटियमवर चालला आणि त्याने कास्पारोव्हला हरवले. आज तो मिलेनियम कंपनीच्या पटात एआरएम चिपवर चालतो. जुन्या-नव्याची तुलना करायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही: चिप बदलली, लिहिणारा तोच.

डीजीटी पाय या २०१६ च्या बुद्धिबळाच्या घड्याळात मात्र रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे आणि त्यावर स्टॉकफिश हा प्रोग्रॅम चालतो. दुबळे प्यादे किती महाग, मोकळा हत्ती किती मोलाचा, हे लँग यांच्या पिढीने हाताने लिहिले. २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून ही पारख न्यूरल नेटवर्क कोट्यवधी स्थितींवरून शिकते. ताकदीचा प्रश्न तिथे संपला.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, कारण एवढ्या बलवान प्रोग्रॅमला सामान्य खेळाडूसाठी दुबळे करावे लागते. स्टॉकफिशची खालची पातळी चांगल्या खेळ्या सापडल्यावर मुद्दाम त्यांतली कमी प्रतीची उचलते. परिणामी वीस खेळ्या उत्तम होतात आणि एकविसावीला घोडा फुकट जातो. जुने यंत्र हरे ते दृष्टी अपुरी पडल्याने. हान्स बर्लिनर यांनी ‘क्षितिज परिणाम’ म्हणून सांगितलेला तो दोष हेरता येतो, त्याच्याविरुद्ध डाव रचता येतो. शिकणाऱ्याला अशाच प्रतिस्पर्ध्याची गरज असते, आणि या बाबतीत जुनी यंत्रे मला निःसंशय सरस वाटतात. मिलेनियमच्या नव्या पटांपैकी योहान दे कोनिंग यांचा ‘द किंग’ हा प्रोग्रॅम असलेल्या पटात प्रोसेसरचा वेगच कमी करता येतो. दुबळेपणा आणण्याचा हा मार्ग मला अधिक पटतो.

जुन्या मेफिस्टोंचे मूळ रॉम आता एम्युलेटरवर कितीतरी पट वेगाने चालवता येतात. तेव्हा डावपेच लांबवर दिसू लागतात. पण कोंडलेला उंट किती वाईट, याबद्दलचे लँग यांचे १९८० च्या दशकातले मत रॉममध्ये तसेच्या तसे राहते.