स्वयंपाकघराची स्वच्छता : रिठा, सोडा आणि जयणा

घरोघरी गॅसची शेगडी आली आणि चुलीबरोबर राखही गेली. तत्पूर्वी मोरीच्या कोपऱ्यात चाळलेल्या राखेचे एक टोपले, नारळाच्या शेंडीची घासणी आणि चिंचेचा कोळ एवढ्या सामग्रीवर मोठमोठ्या कुटुंबांची भांडी लख्ख होत असत. राखेची जागा पुढे वड्यांनी आणि वड्यांची जागा सुगंधी द्रवांनी घेतली. आता मात्र अनेक घरांतील सुना आणि सासवा स्वच्छतेची द्रव्ये पुन्हा घरीच तयार करू लागल्या आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि, वस्तू केवळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. ती स्वच्छ किती करते, याखेरीज तिच्यामुळे कोणत्या जीवाला बाधा पोहोचते आणि ती किती दिवस टिकते, हे दोन प्रश्न जैन गृहस्थाच्या स्वयंपाकघरात विचारावेच लागतात.

स्निग्धता काढण्यासाठी सर्वांत विश्वसनीय वस्तू म्हणजे रिठा. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते आणि ते तेलाचे सूक्ष्म कण करून पाण्याबरोबर वाहून नेते. रिठे फोडून बिया काढून टाकाव्यात. सुमारे ५० ग्रॅम टरफले एक लिटर गाळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घालावीत, सकाळी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर उकळावीत, निवल्यावर हाताने कुस्करून दुपदरी कापडातून गाळून घ्यावीत. या पाण्याला बाजारी द्रवासारखा भरघोस फेस येत नाही. फेस नाही म्हणजे स्वच्छता नाही, हा समज मात्र जाहिरातींनी रुजविलेला आहे. ताटे, वाट्या आणि फुलपात्री यांना हे पाणी पुरेसे होते. तुपाची कढई आधी पुसून घेऊन गरम पाण्याने धुतली तर तीही निघते.

हे पाणी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबते, त्यावर बुरशी धरते. म्हणून लागेल तेवढेच करावे. पिठाची काळमर्यादा पाळणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावयास नको. महिन्याचा साठा एकदम करून ठेवण्याची व्यापारी वृत्ती येथे उपयोगाची नाही. साठा करावयाचा तो सुक्या टरफलांचा. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. रिठ्यातील सॅपोनिन डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ करते आणि माशांना तर ते विषवत् आहे. मासे गुंगवून पकडण्यासाठी अशा वनस्पती वापरण्याची रीत अनेक प्रदेशांत होती. तेव्हा हे पाणी विहीर, तळे किंवा ओढ्यात कदापि ओतू नये.

चिकट फरशा, गॅसची शेगडी आणि धुराड्याची जाळी यांना रिठा पुरत नाही. तेथे धुण्याचा सोडा लागतो. राख जे काम करीत असे, तेच हा करतो. लाकडाच्या राखेतही अशाच जातीचा क्षार असतो आणि तो तेलाशी मिळून काही अंशी साबणच तयार करतो. एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा सोडा पुरे. तळ करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात हेच पाणी दहा मिनिटे उकळून निवू दिले की करपलेला थर सुटून येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा किंवा राख लावू नये. धातूवरील संरक्षक थर त्यामुळे जातो आणि भांडे काळवंडते. खाण्याचा सोडा याच कुळातला, परंतु बराच सौम्य. तो घासण्यासाठी आणि शीतकपाटातील वास घालविण्यासाठी ठीक. घट्ट चिकटा त्याला आवरत नाही.

तांब्या-पितळेसाठी चिंच किंवा लिंबू व मीठ यांना आजही तोड नाही. आम्लामुळे धातूवरील काळा थर विरघळतो. मात्र घासल्यावर भांडे त्वरित स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसले नाही, तर संध्याकाळपर्यंत डाग पुन्हा उमटतात. कल्हई केलेल्या पितळी पातेल्याला चिंच-मीठ बाहेरूनच लावावे. आतून घासल्यास कल्हई झिजते. आणि लिंबाचा रस ओट्यावर टाकण्यापूर्वी ओटा कशाचा आहे ते पाहावे. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची झिलई कायमची जाते. ग्रॅनाइटला ही भीती फारशी नाही.

चांदीच्या भांड्यांचा विषय व्यापारी कुटुंबांत स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकामुळे. चूर्णाने घासून ती उजळविली की काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जाते. वर्षानुवर्षे हेच केले तर ताटावरील नक्षी पुसट होते आणि वजनही घटते. त्याऐवजी एका पसरट भांड्यात अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख अंथरावा, त्यावर चांदीची वस्तू वर्खाला टेकेल अशी ठेवावी, लिटरभर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा मीठ घालून ते पाणी वर ओतावे. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. येथे गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे वळते आणि चांदी मात्र जागच्या जागी राहते. ज्यांच्या दुकानात काटा आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींचा हिशेब अवश्य ताडून पाहावा. खड्यांच्या, मीनाकारीच्या किंवा मुद्दाम काळसर ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंना हा उपाय करू नये. सोड्याच्या पाण्यातून किंचित कुजकट वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र करून होणारा फसफसाट पाहून अनेकांना मोठी शक्ती निर्माण झाल्याचा भास होतो. वस्तुतः क्षार आणि आम्ल परस्परांना निष्प्रभ करतात. नावे आणि जमा सारखी झाली की खात्यात शिल्लक शून्य उरते, तसाच हा प्रकार. वायू उडून जातो आणि उरते जवळजवळ खारे पाणी. तुंबलेल्या नळीतील कचरा त्या बुडबुड्यांनी थोडा हलतो इतकेच. बाटलीत भरून ठेवण्यासाठी हे मिश्रण निरुपयोगी आहे. झाकण घट्ट असेल तर बाटली फुटण्याचाही धोका आहे.

आता प्रश्न ‘बायो-एन्झाइम’चा. थायलंडमधून प्रचारात आलेली ही कृती आपल्याकडेही लोकप्रिय आहे : एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि दहा भाग पाणी, तीन महिने आंबत ठेवायचे. फरशी पुसण्यास ते उपयोगी पडते, त्यात तयार होणाऱ्या आम्लांमुळे. परंतु ही सारी प्रक्रिया सूक्ष्म जीव मुद्दाम वाढवूनच होते. मुदतीबाहेरचे लोणचेही वर्ज्य मानणाऱ्या घराने तीन महिने आंबविलेली बरणी स्वयंपाकघरात ठेवावी काय, याचा निर्णय त्या त्या कुटुंबाने घ्यावयाचा आहे. पण आधी वस्तुस्थिती ठाऊक असावी. व्हिनेगरही आंबवूनच होते. ‘सिंथेटिक’ असे लिहिलेले व्हिनेगर मात्र अ‍ॅसिटिक आम्ल पातळ करून बनविलेले असते. बाजारातील लिंबूसत्त्वही बहुतांश एका बुरशीच्या साहाय्याने कारखान्यात तयार होते, हे पुष्कळांना माहीत नसते. ज्यांना हे टाळावयाचे आहे, त्यांच्यासाठी ताजे लिंबू आणि चिंच आहेतच. पिळलेल्या लिंबाच्या साली त्याच दिवशी मीठ लावून सिंक घासण्यास वापराव्यात, ठेवून देऊ नयेत.

मुंग्यांच्या बाबतीत स्वच्छता हीच खरी जयणा. विषारी खडूच्या रेघा ओढण्यापेक्षा गुळाचा डबा पाण्याच्या थाळीत ठेवणे आणि सांडलेला पाक तत्काळ पुसणे श्रेयस्कर. रांग लागलीच असेल, तर पुंजणीने हळुवारपणे बाजूला सारावी, मग त्या वाटेवरून रिठ्याचे पाणी पुसून घ्यावे. मुंग्या गंधाच्या मागोव्याने चालतात. तो पुसला गेला की वाट मोडते. कडुनिंबाच्या तेलाचे फवारे मात्र अहिंसक समजू नयेत, कारण कीटकांची वाढ खुंटविणे हाच त्यांचा गुण आहे.

एका गोष्टीत सवलत नाही. ब्लीच, म्हणजे क्लोरीनयुक्त द्रव, घरात असेल तर त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्ल मुळीच मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. घरात कोणी आजारी असता केवळ रिठा-सोड्यावर विसंबणेही योग्य नाही. भांडी उकळत्या पाण्यातून काढावीत आणि पुसण्याची फडकी सोड्याच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवावीत.

भांडी घासणाऱ्या बाईंचे मत घेण्याचे बहुतेक घरांत राहून जाते. फेस कमी असला की हात अधिक चालवावा लागतो आणि सोड्याने हातांची कातडी फाटते. निर्णय मालकिणीचा आणि श्रम त्यांचे, ही विभागणी न्याय्य नव्हे. त्यांना रबरी हातमोजे द्यावेत, तेलकट भांडी घरच्यांनीच आधी पुसून ठेवावीत.

तयार पाणी सरबताच्या किंवा थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरू नये. मूल ते पिण्याचे समजून तोंडाला लावते. वेगळ्या आकाराची बाटली, त्यावर द्रव्याचे नाव व केल्याची तारीख, आणि ठेवण्याची जागा मुलांच्या हाताबाहेरच्या फळीवर. गाळून उरलेली रिठ्याची टरफले वाळवून आणखी एकदा उकळता येतात. दुसरे पाणी फरशीला चालते.