नवे राज्य, नवा पत्ता

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दादर स्थानकावर दोन प्रकारची गर्दी एकाच वेळी दिसते. पहिली गर्दी कोकणाकडे निघालेल्यांची. परळ-लालबागच्या चाळींतील खोल्यांना कुलपे लावून गावच्या घराकडे निघालेली ही माणसे महिन्याभराने आंब्या-फणसांसह परतणार असतात. दुसरी गर्दी संख्येने लहान आणि चेहऱ्याने काहीशी बावरलेली असते. बदलीचा हुकूम किंवा नव्या नोकरीचे पत्र हाती पडल्यामुळे परराज्यातून बिऱ्हाड हलवून आलेली ही तरुण कुटुंबे होत. ती सुटीसाठी आलेली नसतात; सुटीचा उपयोग करून घेण्यासाठी आलेली असतात.

स्थलांतरासाठी हाच काळ का निवडला जातो, हे उघड आहे. एक शैक्षणिक वर्ष संपलेले असते आणि दुसरे सुरू व्हायचे असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा मुंबईत साधारणतः जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे कुटुंबाच्या हाती पाच-सहा आठवडे असतात. (केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष मात्र बहुधा एप्रिलमध्येच सुरू झालेले असते, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.) तथापि या सुटीत एक अडचणही दडलेली असते. ज्या शाळेतून दाखला आणावयाचा ती बंद, ज्या शाळेत द्यावयाचा ती अर्धवेळ उघडी आणि शेजारी गावी गेलेले, अशा स्थितीत नव्या शहरातील कामांचा क्रम चुकला, तर जून उजाडला तरी मूल घरीच राहते. हा क्रम पत्त्यापासून सुरू होतो.

पूर्वीचा पत्ता

गिरगाव, परळ आणि लालबाग या भागांना परगावच्या माणसाचे नावीन्य कधीच नव्हते. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात येथे रत्नागिरी-साताऱ्याचे कामगार आले, तसे तेलुगू विणकर आले आणि उत्तर भारतातील माणसेही आली. त्या काळी नवागताचा पत्ता म्हणजे एखादा माणूस असे. गावाहून निघताना खिशात कागद असे तो अमक्या चाळीतील तमक्याच्या नावाचा. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्यांत पाळीनुसार माणसे झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरीच्या वळकट्या पसरल्या जात. गोव्याहून येणाऱ्यांसाठी धोबीतलाव-गिरगाव परिसरात गावोगावचे ‘कूड’ होते. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गोव्याचा खलाशी किंवा आचारी अल्प वर्गणीवर आपल्या गावच्या कुडात राही. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता, म्हणजे या माणसांसाठी मुंबई हे केवळ दुसरे शहर नव्हे, तर दुसऱ्या राजवटीचा प्रदेश होता.

या व्यवस्थेत एकट्या पुरुषाची सोय उत्तम होई, कुटुंबाची मात्र होत नसे. एकट्याच्या जेवणाचा प्रश्न खानावळी सोडवीत आणि त्या खानावळी बहुधा चाळीतील स्त्रियाच चालवीत. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून देण्याचे कार्य गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या प्रेमा पुरव यांनी केले. १९७५ मध्ये स्थापन झालेले अन्नपूर्णा महिला मंडळ ही त्याची फलश्रुती होय. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर या भागाचे अर्थकारणच पालटले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. आता या परिसरात येणारा नवागत बहुधा पत्नी-मुलांसह येतो, आणि त्याच्या खिशात गाववाल्याचे नाव क्वचितच असते.

खोली कोणाची?

समजा, धारवाडहून एक बँक कर्मचारी पत्नी, तिसरीत जाणारी मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा यांच्यासह लालबागला आला. कार्यालय जवळ म्हणून त्याने जुन्या चाळीतील दहा बाय बाराची खोली पसंत केली. भाडे ठरले, अनामत रक्कम ठरली. येथे त्याने विचारावयाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसून खोली देणाऱ्याच्या हक्काचा आहे.

मुंबई बेटावरील जुन्या इमारतींत पागडी पद्धती रूढ आहे. तीनुसार खोलीत पिढ्यान् पिढ्या राहणारी व्यक्ती बहुधा मालक नसून कायद्याचे संरक्षण लाभलेली भाडेकरू असते. मालकाच्या संमतीवाचून तिने खोली दुसऱ्यास भाड्याने दिली, तर तेच तिच्या निष्कासनाचे कारण ठरू शकते. मग तिच्याकडून खोली घेणाऱ्या कुटुंबाचे काय होणार, हे सांगावयास नको. यास्तव खोली देणारा मालक आहे की भाडेकरू, भाडेकरू असल्यास मालकाची लेखी संमती आहे काय, आणि इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होण्याच्या बेतात तर नाही ना, या तीन गोष्टींची चौकशी अनामत रक्कम देण्यापूर्वीच झाली पाहिजे. गिरगाव ते परळ या पट्ट्यात उपकरप्राप्त जुन्या इमारती मोठ्या संख्येने असल्याने शेवटचा प्रश्न मुळीच काल्पनिक नाही.

दुसरी बाब कराराची. परराज्यातून येणाऱ्या बहुतेकांचा समज असतो की, करार ११ महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी लागत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणीची सक्ती नसल्याने हा समज देशभर पसरला आहे. महाराष्ट्रात मात्र तो चुकीचा ठरतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कायदा दुसऱ्या बाजूसही तितकाच स्पष्ट आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

या कठोरपणामागे इतिहास आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत कायदेशीरपणे राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. अनेकांना त्यामुळे छप्पर मिळाले. पण रिकामी खोली परक्यास देण्याची धास्तीही मालकांच्या मनात घर करून बसली. आजही खोली दाखविताना मालक जे दहा प्रश्न विचारतो, त्यांतील निम्मे त्या धास्तीचे असतात. नवागताने ते मनास लावून घेऊ नयेत.

करारनोंदणी आता ऑनलाइन होऊ शकते. तो एक नोंदणीकृत कागद हाती आला म्हणजे आधारवरील पत्ता, गॅसजोडणी, बँकेची नोंद अशी कामे ओळीने मार्गी लागतात. तो नसेल, तर प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

शाळेचा दाखला

धारवाडच्या मुलीचे पुढे काय? तिचा दाखला निघण्यापूर्वीच घ्यावयास हवा होता, कारण सुटीत शाळेचे कार्यालय उघडे सापडेलच असे नाही. परराज्यातील दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात. ती राहून गेली, तर एका सहीसाठी पालकाला पुन्हा प्रवास घडतो.

दाखला वेळेवर आला नाही, म्हणून मुलीचे वर्ष बुडावे काय? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो. ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकास एका शाळेतून दुसरीत, राज्याबाहेरही, बदली मागण्याचा हक्क आहे. पूर्वीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ दिला पाहिजे, आणि तो येण्यास विलंब झाला या कारणास्तव नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही अथवा लांबविता येत नाही. वयाचा पुरावा नसणे हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. मात्र बदलीचा हा हक्क शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या संबंधात आहे, विनाअनुदानित खाजगी शाळेच्या बाबतीत नव्हे. ही मर्यादा ठाऊक नसल्याने पुष्कळ पालक ज्या दारात हा कायदा चालत नाही, तेथेच त्याचा हवाला देत राहतात.

माध्यमाचा प्रश्न मुंबईत वाटतो तितका बिकट नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण दिले जाते. कन्नड माध्यमाची शाळा लालबागच्या दाराशी असेलच असे नाही, पण शहरात ती आहे. कोणत्याही माध्यमात मूल घातले तरी मराठी विषय त्यास शिकावा लागतो, कारण २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे.

सीमेवर थांबणारा हक्क

एक गोष्ट मात्र कुटुंबाबरोबर राज्याची सीमा ओलांडत नाही, आणि तिची जाणीव बहुधा दहा-बारा वर्षांनी, महाविद्यालयाच्या दारात होते. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निर्णय दिला. वडिलांच्या नोकरीमुळे आंध्र प्रदेशातून बालपणी मुंबईत आलेल्या, तेथील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याने राखीव जागेवर हक्क सांगितला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. मूळ राज्यात त्या समाजास मिळणारा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मुलाचे सारे शिक्षण मुंबईत झालेले असो वा नसो, महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिनांकास कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे पाहिले जाते.

हा नियम अनेकांना कठोर वाटतो आणि त्यावरील वाद न्यायालयांत पुन्हा पुन्हा गेला आहे. तो बदलेपर्यंत पालकांनी करावयाचे ते एवढेच: वडिलांचा मूळ राज्यातील जातीचा दाखला जपून ठेवणे, आणि मूळ राज्यातील व केंद्र शासनाच्या सवलतींसाठी त्याच्या आधारे मुलांचे दाखले वेळीच काढून घेणे. हे काम सुटीतील पाच आठवड्यांत सुरू झाले, तर पुढे धावपळ टळते.

धान्य, लस आणि मत

शिधापत्रिकेची चिंता आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थी कुटुंबास ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेनुसार मूळ राज्याच्या पत्रिकेवरच मुंबईतील कोणत्याही रास्त भाव दुकानातून, आधारची ओळख पटवून, धान्य घेता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान याचा प्रारंभ झाला. मूळ राज्य आपल्या खर्चाने जे अधिक देते, ते मात्र येथे मिळत नाही.

धाकट्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड सामानाच्या तळाशी जाऊ नये. परळ या बाबतीत भाग्यवान आहे: १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय आणि त्यानंतर तीन वर्षांनी उभे राहिलेले वाडिया बालरुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. मतदार यादीतील स्थलांतर नमुना ८ भरून होते. मोटार किंवा स्कूटर बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची असेल, तर ती महाराष्ट्रात नोंदवावी लागते.

गॅलरी

राहता राहिली भाषा. तिच्यासाठी कोणत्याही खिडकीवर अर्ज करावा लागत नाही. चाळीच्या सामाईक गॅलरीत, पाण्याच्या वेळी आणि जिन्यावर ती आपोआप कानावर पडते. मे महिन्यात अर्धी चाळ गावी गेलेली असल्याने सुरुवातीचे दिवस मुलांना सुने जातात. गॅलरीत खेळावयास दोन-चार जणच उरलेले असतात. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, कुलपे एकामागून एक उघडू लागतात. फणसाचे गरे आणि आमसुले घरोघर वाटली जातात आणि नव्या बिऱ्हाडाचाही वाटा काढला जातो. आई ‘हे कशात घालतात?’ असे हिंदीतून विचारते, शेजारीण मराठीतून उत्तर देते आणि दोघींचे भागते. मुलगी तोवर खेळातला ‘राज्य’ हा शब्द शिकलेली असते. लपंडावात ते कोणावर आले आहे, यावरून भांडण्याइतकी मराठी तिला शाळा उघडण्यापूर्वीच येऊ लागते.

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि लालबागच्या गल्ल्यांत तो आज अधिकच मोठा झाला आहे. उत्सवाच्या महिनाभर आधी मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. नव्या बिऱ्हाडाच्या दारीही ते येतात, आडनाव दोनदा विचारून घेतात आणि त्यापुढे खोलीचा क्रमांक लिहितात.