मेक्सिकोच्या संग्रहालयातील शेतीचे दप्तर

पुराणवस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे राजेरजवाड्यांची हत्यारे, भंगलेल्या मूर्ती व सोन्याचे दागिने एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आणि त्यात शेतकऱ्याने पाहण्याजोगे काय असणार, अशी शंका पुष्कळांस येते. आम्हासही ती होती. परंतु मेक्सिको शहरातील मानववंशशास्त्राचे राष्ट्रीय संग्रहालय पाहण्याचा योग आला, तेव्हा ती पार फिटली. ती कशी फिटली हे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे संग्रहालय चापुल्तेपेक नावाच्या विस्तीर्ण उद्यानात असून १७ सप्टेंबर १९६४ रोजी ते खुले झाले. बाहेरच्या बाजूस एक अवाढव्य पाषाणमूर्ती उभी आहे. पर्जन्यदेव त्लालोक या नावाने ती ओळखली जाते व तिचे वजन सुमारे १६८ टन आहे. ती मूळची कोआत्लिंचान या खेड्याच्या शिवारातील. १९६४ साली ती शहरात आणावयाचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी कडवा विरोध केला व ती वाहून नेण्यासाठी आणलेल्या गाड्याची मोडतोडही केली. अखेर एप्रिल महिन्यात, म्हणजे तिकडील उन्हाळी दिवसांत, मूर्ती शहरात आली, आणि त्याच वेळी अवकाळी पाऊस कोसळला. योगायोग असेल, परंतु पावसावर ज्यांचा प्रपंच चालतो त्यांस त्या गावकऱ्यांचा जीव का तुटला, हे निराळे सांगावयास नको.

आत खालच्या मजल्यावर तेथील प्राचीन मूळ रहिवाशांच्या संस्कृतींची दालने आहेत व वरच्या मजल्यावर त्यांच्याच आजच्या वंशजांचे राहणीमान दाखविले आहे. आझ्टेक अथवा मेशिका लोकांच्या दालनात १७९० साली शहराच्या मुख्य चौकात सापडलेली सूर्यशिला आहे. तिचा व्यास सुमारे साडेतीन मीटर. बहुतेक प्रेक्षकांची गर्दी तेथेच असते. आमचे मन मात्र या लोकांच्या शेतीत गुंतले.

मका हे धान्य याच देशातील. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी नैर्ऋत्य मेक्सिकोतील लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो घडविण्यास आरंभ केला. त्या गवतास दगडासारख्या टरफलातले मोजके दाणे येतात. वाहाका प्रांतातील एका गुहेत सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली, ती बोटाएवढीही नाहीत. तेथून आजच्या वीतभर कणसापर्यंतचा पल्ला कोणा राजाने गाठला नाही. दर हंगामात चांगले कणीस हेरून बियाण्याकरिता बाजूस ठेवणाऱ्या स्त्रीपुरुषांचे ते काम. मक्यातच घेवडा व भोपळा पेरण्याची त्यांची जुनी वहिवाट आहे. वेल मक्याच्या ताटावर चढतो, घेवड्याने जमिनीचा कस राहतो व भोपळ्याच्या पानांनी ओल टिकते. मिश्रपिकाचे मर्म जाणणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास यात काही परके वाटणार नाही.

त्यांची राजधानी तेनोच्तित्लान ही सरोवरातील बेटावर वसली होती. उथळ पाण्यात गाळ व वनस्पती यांचे थर रचून, काठाने वाळुंजासारखी झाडे लावून त्यांनी लांबट वाफे उभे केले. त्यांस चिनांपा म्हणतात. बाजूच्या कालव्यातील गाळ काढून वाफ्यावर पसरावयाचा, हेच खत. आणि ओल अखंड. त्यामुळे वर्षातून अनेक पिके निघत.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. उभी हयात महसुलाच्या दप्तरात गेल्यामुळे एका वस्तूपाशी आम्ही फार वेळ थबकलो. ती म्हणजे सोळाव्या शतकातील करवसुलीच्या चित्रमय वहीची प्रतिकृती. मूळ वही संग्रहालयाच्याच आवारातील ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. झाडाच्या सालीच्या कागदावर कडेने गावांची चिन्हे काढली असून प्रत्येकाकडून येणे असलेली धान्याची कोठारे, कापडाचे तागे, मिरची, पिसे यांची चित्रे पुढे आहेत. निशाण म्हणजे वीस, केसासारखी खूण म्हणजे चारशे, थैली म्हणजे आठ हजार. हिशेब चोख, परंतु पिकविणाऱ्याचे नाव त्यात कोठे नाही.

याच्या उलट, त्याच देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांता मारिया आसुन्सिओन या गावची १५४० च्या सुमाराची जमिनीची वही आहे. तीत कुटुंबप्रमुखाचे मस्तक व नावाची खूण, त्याच्या प्रत्येक शेताचा आकार, चारी बाजूंची मापे, आणि शेताच्या मध्यभागी मातीची जात दाखविली आहे. गाळाची, वाळूसर, खाली कठीण थर असलेली, असे निरनिराळे भेद त्यांस ठाऊक होते. क्षेत्रफळ निराळ्या पानावर. आमच्या मनात आले की, आम्ही हजारो उतारे लिहिले. क्षेत्र, आकार, पोटखराबा सर्व काही लिहिले. परंतु कोणत्या बांधाखाली चोपण आहे व कोणत्या कोपऱ्यात ओल टिकते, हे कोणास विचारले नाही.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पेनच्या फौजेने तेनोच्तित्लान जिंकले. राज्य गेले, देवळे गेली, देवीच्या साथीने असंख्य माणसे गेली. परंतु सोचिमिल्को येथे आजही चिनांपांवर भाजीपाला पिकतो. मका जगभर गेला. मात्र तो चुन्याच्या पाण्यात शिजविण्याची मूळ रीत युरोपने घेतली नाही. म्हणून जेथे गरिबांचे पोट नुसत्या मक्यावर राहिले, तेथे पेलाग्रा नावाचा भयंकर रोग माजला. बियाणे घेतले आणि ज्ञान टाकले, त्याचे हे फळ. आपण उपवासास खातो तो राजगिराही मूळचा अमेरिकेतलाच. आझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी त्याचा वापर दडपला. तरी तो टिकला. मेक्सिकोत त्याच्या लाह्यांच्या गोड वड्या आजही विकतात, अगदी आपल्या चिक्कीसारख्या.

हे पाहताना मनास एक गोष्ट बोचत होती. आमच्या तीर्थरूपांनी ज्वारीचे एक वाण वर्षानुवर्षे राखले होते. कणसे निवडून ते राखेत बी ठेवीत. त्यांच्या मागे आम्ही नोकरीच्या नादात ते बुडविले. उताऱ्यावर शेत आमच्या नावे आहे, पण त्या वाणाचे नाव कोठेच नोंदलेले नाही, व आता ते सांगणारेही कोणी उरले नाही.

तरी आमची शेतकरी बंधूंस एवढीच विनंती आहे. या हंगामात घरचे एक तरी वाण निवडून राखावे. एक साधी वही करावी. तीत आपल्या प्रत्येक तुकड्याचे घरचे नाव, मातीची जात, पाण्याची वाट, कोणते पीक कोठे साधते व बी कसे ठेवावे, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. नातवंडांपैकी एखाद्यास जवळ बसवून त्याच्या हातून लिहविले तर अधिक बरे. सरकारी दप्तरात ही माहिती मिळणार नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.