आधी कान तपासा, मग प्रीअँप घ्या

जुन्या एलपी रेकॉर्ड कपाटातून पुन्हा बाहेर येऊ लागल्या आहेत. हौसेने नवे टर्नटेबल घेतले जाते, ते घरच्या अँप्लिफायरला जोडले जाते आणि आवाज मात्र पिचका, दुरून आल्यासारखा येतो. मग कळते की मध्ये ‘फोनो प्रीअँप’ लागतो. त्याची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते. यातला कोणता घ्यावा, याचे अर्धे उत्तर माहितीपत्रकात मिळते. उरलेले अर्धे ऐकणाऱ्याच्या कानात असते.

ईसीजीचा भाऊबंद

फोनो प्रीअँपचे काम समजायला दवाखान्यातले ईसीजी यंत्र आठवावे. हृदयाच्या ठोक्याची वीज छातीवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरते. ती शेकडो पटींनी वाढवल्याशिवाय कागदावर रेघ उमटत नाही. रेकॉर्डच्या सुईची गोष्ट तशीच आहे. नेहमीच्या ‘मूव्हिंग मॅग्नेट’ कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. महागड्या ‘मूव्हिंग कॉइल’ कार्ट्रिजमधून बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी. पहिल्याला सुमारे १०० पट म्हणजे ४० डेसिबल वाढ लागते, दुसऱ्याला सुमारे १००० पट म्हणजे ६० डेसिबल.

प्रीअँप आणखी एक काम करतो. रेकॉर्ड कोरताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच रुंद होऊन रेकॉर्डवर गाणी कमी मावतील. तीव्र सूर मुद्दाम उचललेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की सुईची खरखरही खाली जाते. प्रीअँप हा सगळा हिशेब उलटा करून मूळ आवाज परत देतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा सूर तो जवळपास दहापट वाढवतो आणि २०,००० हर्ट्झचा दहाव्या हिश्शावर आणतो. याचे ‘आरआयएए’ नावाचे प्रमाण १९५४मध्ये ठरले. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती.

खानदेशातल्या संग्राहकांसाठी हा मुद्दा जवळचा आहे. बालगंधर्वांना गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले. पुढे त्यांची नाट्यगीते ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर निघाली, ती बहुतेक आरआयएए प्रमाणाच्या आधीची. अशा रेकॉर्ड साध्या प्रीअँपवर वाजतात, पण आवाजाचा पोत बदलतो. त्यांच्यासाठी प्रमाण बदलता येणारा प्रीअँप आणि रुंद खाचेला बसणारी वेगळी सुई लागते.

निवड कशी करावी?

आधी प्रीअँप खरोखर हवा का, ते पाहावे. जुन्या चांगल्या अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’ अशी खाच असते, तर अनेक नव्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो. दोन प्रीअँप एकापुढे एक जोडले तर आवाज फाटतो. हवाच असेल तर तो कार्ट्रिजशी जुळणारा घ्यावा. मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४७ किलोओहमचा भार हे ठरलेले माप आहे. मूव्हिंग कॉइलसाठी भार बदलण्याची सोय असलेली बरी. त्यानंतर पाहायची गोष्ट एकच: गाणे नसताना प्रीअँप किती शांत राहतो. एवढे जमले की पुढच्या प्रत्येक वाढीव हजारामागे कानाला जाणवणारा फरक कमी कमी होत जातो.

घुमणारा आवाज आणि अर्थिंग

प्रीअँप लावल्यावरची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज. तो घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. ईसीजीची रेघ जाड, थरथरती येते तीही पुष्कळदा याच विजेमुळे. आरआयएएच्या हिशेबात ५० हर्ट्झचा सूर सुमारे सातपट वाढतो, म्हणून तो जास्तच छळतो. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडणे, ट्रान्सफॉर्मर असलेली यंत्रे दूर ठेवणे आणि सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

काही जण मात्र प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. घूं थांबते, पण सोबत जिवाचे संरक्षणही जाते. यंत्रात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. घरातल्या विजेचा धक्का हृदयाची लय बिघडवून क्षणात जीव घेऊ शकतो. खानदेशच्या उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावे, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि पिनला हात लावू नये.

साखळीतला शेवटचा भाग

सुई, प्रीअँप, अँप्लिफायर, स्पीकर आणि शेवटी कान. तरुणपणी माणूस २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. पन्नाशीत अनेकांची ही मर्यादा १२ ते १४ हजारांच्या आसपास येते. महागडी यंत्रे घेण्याइतका पैसा हाती येतो तोही साधारण याच वयात. यंत्रमागावर, डाळमिलमध्ये किंवा डीजेच्या भिंतीशेजारी वर्षे काढलेल्यांचे नुकसान याहून जास्त असते. गोंगाटाचा घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी बसतो. व्यंजने स्पष्ट ऐकू येण्यासाठी लागणारा भाग तिथेच आहे. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत आणि कोणताही प्रीअँप ती उणीव भरून काढत नाही.

एका बाजूचा आवाज कमी वाटला तर यंत्र बदलण्याआधी सोपी चाचणी करावी. स्पीकरकडे पाठ करून बसावे. आता दुसऱ्या कानाला कमी ऐकू आले तर दोष यंत्राचा किंवा रेकॉर्डचा. त्याच कानाला कमी वाटले तर कान तपासायला हवा. कारण कधी साधा मळही असतो. पण एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले असेल तर तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. वेळेत औषध मिळाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ही तपासणी वेदनारहित असते. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. समोरच्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतक्याच आवाजात रेकॉर्ड लावली, तर आज घेतलेला प्रीअँप आणखी वीस वर्षांनीही कामाचा राहील.