फेकलेल्या कलेजीचं पुढे काय होतं?

रविवारची सकाळ. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका गावात मटणाच्या दुकानापुढे गिऱ्हाइकं उभी. मामूंनी बोकड सोलून टांगला, पोट उघडून कलेजी, फुप्फुसं बाहेर काढली. कलेजीवरून फिरणारा त्यांचा अंगठा एका जागी अडला. लिंबाएवढा, पांढुरका, टच्च फुगलेला गोळा. "पाण्याचा फोड हाय, दादा. तेवढा काढून टाकायचा," म्हणत त्यांनी सुरी फिरवली आणि तुकडा मागे भिरकावला. कुत्र्यांनी तो वरच्या वर झेलला.

मामूंची बोटं पक्की. खराब माल त्यांनी कुणाच्या पिशवीत घातला नाही. घोर पुढचा आहे. त्या फोडातल्या पाण्यात वाळूसारखी बारीक कणी असते आणि तिच्यातूनच कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा फीतकृमी तयार होतो. लांबी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर, पण साधारण दीड महिन्यात अंडी सुरू. विष्ठेतून ती गवतावर, पालेभाजीवर, कुत्र्याच्या केसांवर आणि तिथून लेकरांच्या हाताला लागून पोटात जातात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात मग असाच फोड धरतो. वर्षानुवर्षं न दुखता वाढतो आणि आत फुटला तर जिवावर बेततं.

मांसातले जंत म्हटलं की आपल्याला कच्चं मांस आठवतं. रानडुकराचं मांस अर्धवट भाजून खाल्लं तर ट्रायकिनेला नावाच्या जंताची लागण होऊ शकते, हे खरंच. पण आपल्याकडे मटण गळेपर्यंत शिजतं. हा फोड मात्र गळ्यात माळ असलेल्या घरातही होतो, कारण तो मटणातून येतच नाही.

आइसलंडमध्ये हा आजार एकेकाळी घरोघर होता. 1863 साली हॅराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक तिथे गेला. कुत्र्यांना असले अवयव घालू नका, हे सांगणारी त्याची पुस्तिका लोकांत वाटली गेली, पुढे कायदेही झाले. आज तिथून हा रोग गेल्यातच जमा आहे. औषधंही धड नसलेल्या काळात हे झालं, म्हणून आपल्याला ते जमणार नाही असं मी मानत नाही.

फोडाची कलेजी अर्धा तास उकळली की आतला जीव मरतो. रविवारच्या गर्दीत मामूंनी चूल कुठे मांडायची? त्यापेक्षा असले तुकडे टाकायला ग्रामपंचायतीने दुकानामागे कुत्र्यांना उकरता येणार नाही असा झाकणाचा खोल, पक्का खड्डा करून द्यावा. पाळलेल्या कुत्र्यांना पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल द्यावं आणि त्यानंतरची विष्ठा हात न लावता खोल पुरावी. त्या औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत.