वाळवंटातील एक गायक

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस मोहावी आणि सोनोरा ही दोन विस्तीर्ण वाळवंटे आहेत. तेथे 'लेकाँटचा थ्रॅशर' हा गाणारा पक्षी राहतो. जॉन लेकाँट या कीटकशास्त्रज्ञाचे नाव त्याला १८५१ मध्ये देण्यात आले. रंग वाळूसारखा, चोच लांब आणि खाली वाकलेली. चाहूल लागताच तो उडत नाही. शेपटी उभारून झुडपाआड पळतो. पाणी तो क्वचितच पितो. वाळू उकरून टिपलेल्या किड्यांतूनच त्याची तहान भागते.

एवढा काटक जीव. तथापि १९७० नंतर त्याची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. खारट जमिनीतील विरळ झुडपे हेच त्याचे घर. कॅलिफोर्नियातील सान होआकिन खोऱ्यात ती शेतीखाली गेली. अन्यत्र वस्त्या आल्या, मोटारी धावू लागल्या. परदेशी गवत माजून वणवे पसरतात आणि जळालेली झुडपे पुन्हा उभी राहण्यास कित्येक दशके लागतात.

त्यात पाऊसही घटला. जोसेफ ग्रिनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकात मोहावीत पाहणी केलेली ६१ ठिकाणे २०१३ ते २०१६ या काळात पुन्हा तपासली गेली. प्रत्येक ठिकाणी पक्ष्यांच्या जाती सरासरीने ४३ टक्के कमी आढळल्या! पाऊस नाही तर हिरवळ नाही, हिरवळ नाही तर किडे नाहीत. मग पाणी न पिणारा पक्षीही तहानेलाच राहतो.

ज्या भूमीला आपण ओसाड म्हणतो, तीही कोणाची तरी नांदती वस्ती असते. तिचा उपयोग ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.